विहीरवाले काका, कुरुळी

१९७४ साल असावं. चाकणच्या पोस्टात माझ्यापुढे कुरुळीच्या कौशल्याबाई जर्मनीचं पाकीट घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढे रांगेत असलेल्या, शाळेतल्या मृदुलाबाई त्यांना पत्र वाचून दाखवत होत्या. इंग्रजी मलाही येत होतं, पण पुढे व्हायचा धीर झाला नाही.

“मावशी, साहेब लिहितात, सोबत पाठवलेला काकांचा हा फोटो मी सगळ्या मित्रांना दाखवतो.”

“ह्यांचा फोटू? तिकडं?”

“हो. मित्र विचारतात, हे कोण? साहेब सांगतात, ‘माय फ्रेंड.’ माझा दोस्त.”

“आगं बया! साहेब पिंपरीच्या कंपनीत होता. रविवारी सायकलवर यायचा, आमच्या हिरीचं पानी प्यायचा, तेवढंच. हे जाऊन दोन वर्सं झाली. घरात एकबी फोटू न्हवता.”

“आता आला. पण साहेबांना काकांचं नाव माहीत नाही. पाकिटावर नुसतं ‘विहीरवाले काका’ आहे. मित्रांना नाव सांगायचंय म्हणतात. उत्तरात लिहिते, ‘हिज नेम इज...’ सांगा.”

“नवऱ्याचं नाव? मी कसं घेऊ?”

“लग्नात उखाण्यात घेतलं असेल की.”

“तेवढंच. पुन्यांदा न्हाई.”

“मग कागदावर लिहून द्या.”

“लिवता आलं असतं तर तुमास्नी तरास दिला असता व्हय?”

कौशल्याबाईंनी पदर पुढे ओढला.

“सोपान,” त्या म्हणाल्या. “सोपानराव.”

“लिहिलं, मावशी.”

“आता तिकडची मान्सं ह्यांचं नाव घेनार?”

“घेणार की.”

“मोठ्यानं?”