माळ गेला, चकती राहिली

रिटायर झाल्यावर मी राहायला अशी जागा शोधत होतो, जिथं डिस्क गोल्फ खेळता येईल. लांबून चकती फेकून टोपलीत पाडायची, असला खेळ. बायको म्हणाली, "डोकं फिरलंय तुमचं."

तरी कोडोलीजवळचा एक विकाऊ माळ बघायला गेलतो. चकती फेकून अंदाज घेत होतो, तर ती पडली तिथं मालकानं दगड ठेवला.

"हे कशाला?"

"पावणं, आमचा पाणाडी नारळ धरून जमिनीतलं पाणी दावतो. तुमी चकती आणलीया, एवढाच फरक."

"अहो, खेळ हाय हा."

"व्हय व्हय."

आठवड्यानं त्याचा फोन आला. "तिथंच बोअर मारली, पाणी लागलं. आता माळ इकायचा न्हाय. पण शेजारी बोलावत्यात, चकती घिऊन या की."