नरगुंदकर, एम.

(धारवाडजवळच्या नवनगरमधलं घर, २००४ सालची एक दुपार. संगणकासमोर सावनी. शेजारी तिचे वडील मारुती नरगुंदकर, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, आणि आई मालती.)

मारुती : बाळंतिणीच्या खोलीवर मी कधी लिहिलं?

सावनी : तुम्ही नाही अप्पा. आईनं लिहिलंय.

मारुती : मग माझ्या नावाखाली कसं आलं? हे बघ. ‘नरगुंदकर, एम.’ किल्ल्यांचा लेख, तो माझा. त्याखाली शिलालेख, तोही माझा. मग बाळंतिणीची खोली. मग जात्यावरच्या ओव्या. आमच्या संशोधन मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची संदर्भसूची ही, माझे विद्यार्थी वाचणार की ग.

मालती : माझं नाव कुठं आहे?

सावनी : नाव नाही, रेघ आहे. रेघ म्हणजे ‘वरचेच लेखक’.

मालती : वरचे म्हणजे हे.

सावनी : सॉफ्टवेअरला तसं वाटलंय. थांब, बघते. आत सगळं बरोबर आहे, तुझं पूर्ण नाव मी कार्डांवरून टाइप केलंय. यादी बाहेर काढताना बिघडतंय. ते एक्स्पोर्टचं टेम्पलेट असतं ना, त्यात काहीतरी आहे.

मारुती : ते काय असतं म्हणालीस?

मालती : चकलीचा सोऱ्या हो. पीठ तेच, आतली चकती बदलली की शेव पडते. सकाळपासून तेच सांगतीय ती.

मारुती : मला शेव नको, यादी पाहिजे. दुर्गदबैलच्या छापखान्याचा माणूस संध्याकाळी सीडी न्यायला येतोय.

सावनी : रेघ बंद केली. परत काढते. हं, बघा.

मारुती : रेघ आहे तशीच आहे.

सावनी : असं कसं? आत्ता बंद केली मी.

मारुती : बंगळूरला तुमच्या विद्यापीठात हेच वापरतात?

सावनी : तिथं चालतं अप्पा. इथंच का असं करतंय कळेना. अय्यो, टेम्पलेट दोन ठिकाणी आहे. मी एक दुरुस्त करतीय, हे दुसरंच वाचतंय.

मालती : आपल्या घरासारखंच. सांगायचं एकाला, ऐकायचं दुसऱ्यानं.

सावनी : आता गेल्या रेघा.

मारुती : गेल्या खऱ्या. पण सगळीकडं ‘नरगुंदकर, एम.’च आलंय. आधी रेघेआड बाळंतीण होतो, आता उघड झालो.

मालती : तुम्हाला हसायला येतंय.

मारुती : हसत नाही ग. डोकं चालेना झालंय माझं.

सावनी : ही बघा गोम. हे टेम्पलेट पहिल्या नावाचं एकच अक्षर ठेवतंय. मारुतीचा एम, मालतीचा एम. आडनाव एकच. त्याला दोघं मिळून एकच माणूस वाटतात.

मालती : त्याचं एकट्याचंच चुकतंय असं नाही.

सावनी : पूर्ण नावं चालू केली. आता ‘नरगुंदकर, मालती’ वेगळी आणि ‘नरगुंदकर, मारुती’ वेगळे.

मारुती : सुटलो. घाल सीडीवर.

मालती : थांब जरा. तळ्यांचा लेख कुठाय?

सावनी : कुठला?

मालती : धारवाडच्या तळ्यांवरचा. माझा पहिला लेख.

सावनी : तळ्यांवर एकच आहे, तो कुणी ‘हेरेकर, यमुना’ यांचा. मला वाटलं, तुझ्या माहेरची कुणी आत्या असेल.

मालती : ती मीच.

सावनी : तू यमुना?

मालती : लग्नाआधीची.

सावनी : हेरेकर ठाऊक आहे मला. तुला यमुना म्हटलेलं कधी ऐकलंच नाही. आजोळी तर तुला सगळे अक्काच म्हणतात.

मालती : थोरली म्हणून अक्का. यमुना म्हणणारे माझे अण्णा होते, ते तुझ्या जन्माआधीच गेले.

मारुती : त्याला इलाज नव्हता, सावनी. माझ्या आईचं नाव यमुना. सासू-सून एकाच नावाच्या कशा चालतील? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मीच लिहिलं. माझ्या नावाला शोभेलसं काढलं होतं.

सावनी : म्हणजे तो एम तुमच्याकडूनच आलाय.

मारुती : यान माडोदु? काय करायचं? पुढं यादी करायचीय हे कुणाला ठाऊक होतं?

मालती : मला कुणी विचारलं नाही. मांडवात सगळे हसत होते, मीही हसले. महिन्याभरात तो लेख छापून आला. अंक पोस्टानं आपल्या कमरीपेठेतल्या घरी आला, आणि गल्लीभर झालं, यमुनाबाईंनी, म्हणजे तुझ्या आजीनं, लेख लिहिला. आईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी अंक देवापुढं ठेवला. मला फार वाईट वाटलं होतं.

मारुती : कधी बोलली नाहीस.

मालती : काय बोलणार? नाव त्यांचंही होतं. त्यांना लागलं असतं.

मारुती : मग आता ह्या दोघींना एकत्र करता येतं का ग ह्यात?

सावनी : येतं. पण नाव एकच ठेवावं लागतंय. कुठलं ठेवू?

मारुती : मालती ठेव. लोकांना तेच ठाऊक आहे. एकच लेख इकडं आणायचा, काम सोपं.

मालती : यमुना ठेव.

मारुती : अगं, सगळ्याच लेखांना? बाकीचे मालतीच्या नावानं छापलेत.

सावनी : ‘नरगुंदकर, मालती’पाशी ‘पाहा : हेरेकर, यमुना’ एवढं घालू. शोधणाऱ्याला सापडेल.

मारुती : मंडळात मला विचारतील, सर, ह्या हेरेकर कोण?

मालती : विचारू द्या. सांगा त्यांना.

मारुती : काय सांगू? माझाच गोंधळ व्हायला लागलाय. इतकी वर्षं घरात मालती म्हणून...

सावनी : अप्पा, तुम्ही आईला ‘अगं’च म्हणता. नावानं हाक मारलेली मी तरी ऐकली नाही.

मारुती : अगं म्हटलं की येती ती. नावाची गरज पडली नाही.

मालती : मला पडत होती.

मारुती : बरं. इरली बिडु, असू दे. यमुना कर, सावनी.

सावनी : नक्की ना? एकदा एकत्र केलं की हे परत सुटं होत नाही.

मारुती : कर म्हटलं ना.

सावनी : केलं. हा घ्या कागद. चष्मा लावून मोठ्यानं वाचा, म्हणजे मला इथं ताडून बघता येईल.

मारुती : ‘हेरेकर, यमुना. धारवाडची तळी.’ बरोबर आहे. पुढचा...

मालती : थांबा. परत वाचा.

मारुती : का? चूक आहे?

मालती : चूक नाही. नाव परत वाचा.