केशवशेठच्या दोन बॅटऱ्या

मंडळी, चिपळ्या जरा खाली ठेवतो आणि एक विचारतो. एकच वस्तू. गुरुवारी ती कुजकी, दहा दिवसांनी तीच झकास. मधे ना कुणी धुतली, ना दुरुस्त केली. मग बदललं काय? वस्तू बदलली, का बघणारा? आणि बघणाराच लबाड असेल, तर दोष नेमका कुणाच्या अंगाला चिकटलाय म्हणायचा?

विचार करा. घाई नाही. प्रसादाचा शिरा अजून चुलीवरच आहे.

तर ऐका. कुरणवाडीची यमुनाक्का चौगुले. तिचा नवरा शामराव, म्हणजे पंचक्रोशीतले फोटोवाले बापू. चाळीस वर्षं लग्नाचे फोटो काढले माणसानं! कॅमेरा जपानी, उखळासारखा जड, रोलवर चालणारा. हल्लीच्या फोनसारखा आपणहून चेहरा हुडकणारा नव्हे. भिंगावरची कडी बोटानं फिरवायची, की धुक्यातून माणूस यावा तसा समोरचा चेहरा हळूहळू स्पष्ट व्हायचा. जोडीला तीन भिंगं. एक रोजचं, एक लांबचं जवळ आणणारं, आणि एक अख्खा मांडव पोटात घेणारं. मांडवात उजेड कमी असला की फोकस दिसायचा नाही. म्हणून बापूंनी यमुनाक्काचंच नेलपॉलिश घेतलं आणि कडीवर दहा फुटांच्या खुणेशी एक लाल ठिपका दिला. कडी ठिपक्यावर, आपण दहा फुटांवर, नवरानवरी हसली की खटका दाबायचा. फोटो इतका लख्ख, की एका नवरदेवाचा फोटो बघून वैद्यानं त्याला पडशाचा काढा दिला होता. हसता काय? काढा प्यालेला माणूस अजून हयात आहे.

बापू गेले. कॅमेरा कपाटात गेला. आणि एक दिवस सून रेवती म्हणाली, "आत्ती, कॅमेरा मला द्या की. मिरजेत पोरंपोरी परत रोलवर फोटो काढायला लागलीत. मी शिकते."

"तू?" यमुनाक्का म्हणाली. "भातात पाणी किती घालायचं ते अजून कळंना, आणि निघाली कडी फिरवायला."

"मऊ भात मामंजींना आवडायचा."

"मामंजींना दात नव्हते."

संपला विषय. पण यमुनाक्काच्या पोटात दुखायला लागलं. आज नाही उद्या ही कॅमेऱ्याला हात लावणार. त्यापेक्षा विकलेला बरा! म्हणजे बघा, नवऱ्याची आठवण परक्याच्या हातात गेलेली चालेल, सुनेच्या हातात नको. आयाबायांनो, माना खाली घालू नका, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

गुरुवारी सून शिवणाचे कपडे पोचवायला गेली, तेवढ्यात यमुनाक्कानं पिशवी उचलली आणि मिरजेच्या पेठेत केशवशेठ डांगरेंचं दुकान गाठलं. जुने कॅमेरे घेणं, जुने कॅमेरे विकणं. शेठ कसा? कपाळाला गंध, गळ्यात माळ, बोलणं खडीसाखर. त्यानं भिंग हातात घेतलं आणि गल्ल्याखालून बॅटरी काढली. टॉर्च हो, टॉर्च! काळी, हातभर लांब. एकदा म्हणे चुकून आभाळाकडं धरली, तर विमान खाली उतरायला लागलं होतं. ती बॅटरी शेठनं भिंगाच्या मागून लावली.

"आक्का, या, बघा. हे पांढरे ठिपके दिसले? ही धाग्यासारखी रेघ? बुरशी!"

"बुरशी?" यमुनाक्का भिंगावर वाकली. लोणच्याला बुरशी लागलेली तिनं आयुष्यात ऐकून घेतली नव्हती.

"तिन्ही भिंगांना आहे. घरात ठेवू नका, लागण होते. आता तुम्ही वडीलधाऱ्या, मोकळ्या हातानं कसं पाठवू? नऊशे देतो."

आणि घेतले हो तिनं! वर त्याचे आभार मानले. घरी येऊन सुनेला सांगितलं, "बुरशी लागली होती. भंगारात घातला."

रेवतीनं पान वाढलं. सून भांडली तर सासूला घास गोड लागतो. ती गप्प बसली की घास फिरतो तोंडात.

दहाव्या दिवशी रेवतीनं फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला. दोन वर्षं ब्लाउज शिवून साठवलेले पैसे. म्हणाली, "आत्ती, मी माझा कॅमेरा घेणार. तुम्ही चला संगं. मला त्यातलं कळत नाही, तुम्हाला कळतं."

तुम्हाला कळतं! चाळीस वर्षांत यमुनाक्काला हे कुणी म्हटलं नव्हतं. बापूंनीसुद्धा नाही. फुगली बाई, आणि निघाली. पेठेत रेवती कोपऱ्यावर वळली आणि त्याच दुकानाची पायरी चढली, तेव्हा यमुनाक्कानं पदर नाकापर्यंत ओढला.

शेठनं काचेच्या कपाटातून काय काढलं असेल? बरोबर. तेच उखळ, तीच तीन भिंगं, आणि कडीवर लाल ठिपका.

"ताई, मुंबईच्या एका साहेबांचा आहे. एकहाती वापर. भिंगं बघा, गंगेचं पाणी! चौदा हजार, आणि ते तुम्ही म्हणून."

"बुरशी वगैरे?" रेवतीनं विचारलं.

"छे छे. बघा तुम्हीच." शेठनं खिशातून बॅटरी काढली. ही वेगळी. करंगळीएवढी, तुळशीपुढच्या निरांजनाइतका उजेड. रेवतीनं भिंगातून बघितलं. स्वच्छ! यमुनाक्कानंही पदराआडून डोकावलं. स्वच्छ! मग गुरुवारची बुरशी गेली कुठं? गेली असेल बाई पोहायला.

एवढ्यात एसटीतून रिटायर झालेले दस्तगीरमामा शिकलगार आत आले. हातात एक पायमोजा, पायमोज्यात एक भिंग.

"शेठ, हे विकायचंय. थोरल्या भावाचं होतं."

"बसा मामा. ताई, एक मिनिट हं." आणि केशवशेठनं गल्ल्याखालून काढली... कुठली? काळी, हातभर लांब! "मामा, या, बघा. हे पांढरे ठिपके दिसले? ही धाग्यासारखी रेघ?"

शब्द तेच, हो! सूर तोच, हळहळ तीच. आरतीसारखं पाठ केलेलं!

मंडळी, दुपारी कौलातून उन्हाची तिरीप घरात येते. आत धुळीचे किती कण नाचताना दिसतात? म्हणून आपण घर सोडून पळतो का? सारवलेल्या घरातही ते दिसतात. तसंच भिंगाचं. हातभर बॅटरी लावली तर कारखान्यातून कालच निघालेल्या भिंगातही धूळ दिसते. हे शेठला ठाऊक होतं. विकणारा आला की मोठी बॅटरी, घेणारा आला की छोटी! आणि गळ्यात माळ! संताप येतो की नाही? मला तर आत्ता सांगतानासुद्धा कानशिलं तापली.

पण यमुनाक्काचं काय झालं ते बघा. तिला सगळं लख्ख दिसलं, पण बोलायचं कसं? बोलावं तर कबूल करावं लागतं, की मी तुला खोटं सांगितलं. कॅमेरा भंगारात नाही, इथं आला. गप्प राहावं तर सुनेची दोन वर्षं ह्या माळवाल्याच्या गल्ल्यात जातात, आणि तीही स्वतःच्याच घरच्या वस्तूसाठी. रेवतीनं डब्याचं झाकण उघडलं...

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगू नका, देऊळ आहे.

यमुनाक्कानं पदर मागं टाकला. "रेवती, झाकण लाव. हा तुझ्या मामंजींचा कॅमेरा. मीच विकला. तुला द्यायचा नव्हता म्हणून विकला."

रेवतीनं सावकाश झाकण लावलं. "ठिपका मी ओळखला, आत्ती. कपाट पुसायचं काम माझंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताय का ते बघत होते."

शेठ म्हणाला, "आक्का, काहीतरी घोटाळा होतोय. मी तुम्हाला ओळखत नाही."

"मला नका ओळखू. हिला ओळखा." यमुनाक्कानं त्याच्या हातातली काळी बॅटरी काढून घेतली आणि मुंबईच्या साहेबाच्या भिंगामागं धरली. ठिपके! मग कपाटातल्या खोक्यातलं कोरं भिंग काढायला लावलं, त्यामागं धरली. ठिपके! "मामा, तुम्ही बघा. हे तर खोक्यातनं आत्ता बाहेर आलं."

दस्तगीरमामांनी बघितलं, आपलं भिंग उचललं आणि परत पायमोज्यात घातलं.

मग बाईनं शेठच्या नाकावरचा चष्मा काढला. हो, काढला! बॅटरी लावली आणि जीभ चावली. "अगं बाई. शेठ, बुरशी. घरात ठेवू नका, लागण होते."

मामा असे हसले, की पायरीवर चार माणसं गोळा झाली. शेठला चष्म्यावाचून ती चाळीस दिसली असावीत, कारण तो लगेच म्हणाला, "आक्का, आवाज कशाला, घरचीच माणसं आपण. काय द्यायचं ते द्या."

"नऊशे. तुम्ही दिले तेच. रुमालात तसेच बांधलेत."

एसटीत दोघी शेजारी बसल्या. पण यमुनाक्काच्या डोळ्यांपुढून ती काळी बॅटरी हलेना. सहा वर्षं ती तीच घेऊन सुनेमागं फिरत होती! भातात ठिपका, झाडण्यात रेघ, हसण्यात बुरशी. आणि स्वतःकडं बघताना? करंगळीएवढी. शेठला तरी त्यातनं पैसे मिळत होते. हिला काय मिळत होतं?

घरी आल्यावर तिनं नवा रोल भरून दिला आणि अंगणात जाऊन उभी राहिली. बापूंनी साडेतीनशे नवऱ्या टिपल्या, घरच्या बाईचा फोटो रेशनकार्डावर एकच. "कडी ठिपक्यावर ठेव," ती म्हणाली, "आणि मला सांग कुठं उभी राहू."

"दहा फुटांवर, आत्ती. जास्त जवळ येऊ नका, चेहरा फिसकटतोय."

सासूसुनेत दहा फूट बरेच म्हणायचे. भात त्या दिवशीही मऊच झाला होता. यमुनाक्कानं दोनदा घेतला.

आता केशवशेठला शिव्या देऊन झाल्या असतील, तर तुमच्याकडं वळतो. मुलगी बघायला जाता, तेव्हा कुठली बॅटरी नेता? आणि आपल्या पोराचं सांगताना खिशातनं कुठली निघते? जावेच्या घरी पाऊल टाकताना? पेटीवाले हसतायत. त्यांना विचारा, सूर चुकला की बुवा मोठी बॅटरी त्यांच्याकडं वळवतात, आणि स्वतःचा घसा बसला की हवेला दोष देतात. म्हणजे दुकान माझंही आहे.

समोर मूर्ती आहे. डोळे मिटा. तो आता तुमच्याकडं बघणार आहे. त्यानं कुठली बॅटरी हातात घ्यावी, सांगा बघू? छोटी ना?

मग तीच एक घेऊन घरी जा, आणि सगळ्यांकडं तिनंच बघा. मोठी बाहेर चपलांपाशी ठेवा. कुणी चोरणार नाही; ज्याच्यात्याच्याकडं स्वतःची आहे.