बाबांचा घट्ट बोल्ट

आमच्या बाबांची तऱ्हा सांगतो. फौजेत जन्मभर बंदुका दुरुस्त केलेला माणूस, व्हिजिट व्हिसावर इकडे आखातात, सनद गावी आमच्याकडे आलेला. माझ्या लेकीची खेळण्यातली रायफल बॅटरीवर धडाधड फोमच्या गोळ्या सोडायची आणि ती आपली एकटीच खेळत बसायची. बाबांनी रायफल खोलली, बॅटरी काढली, हाताचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा, बसवला. आता दर गोळीला बोल्ट मागे ओढायचा. तो इतका घट्ट, की पोरीच्यानं ओढवेना. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी ती सारखी ओरडायची, "आजोबा, ओढा!" बाबा गुडघे धरत उठायचे.

मी म्हटलं, "बाबा, स्प्रिंग जरा सैल करा की. तिची ती ओढेल."

"करतो की," बाबा हळूच म्हणाले, "जायच्या आदल्या दिवशी."