बाजाराचे चाळीस सेकंद

चैताली : म्हणजे वर्गातला टीव्ही बिघडलेला नाही, कमरजहांबाई?

कमरजहांबाई : ठणठणीत आहे. तुमच्या कंपनीने खराडीच्या ऑफिसातून वारज्याच्या शाळेपर्यंत इतका जपून आणला, बिघडेल कशाला?

चैताली : तिसरीच्या परिसर अभ्यासातला ‘आपला बाजार’ हा व्हिडिओ धडा वीस मिनिटांचा आहे. आमच्या रेकॉर्डला तीन दिवसांत पहिले चाळीस सेकंदच दिसतात. तेच तेच, बावीस वेळा. आम्हाला वाटलं, अडकतोय.

कमरजहांबाई : अडकत नाही. मी थांबवते.

चैताली : आणि आवाज शून्यावर?

कमरजहांबाई : तो निवेदक फार हुशार आहे. मुलांनी बघायच्या आत सगळं सांगून मोकळा होतो.

चैताली : बाई, सिस्टीमला एकही धडा पूर्ण दिसत नाही. आज मी ‘वापर नाही’ असा शेरा दिला, की टीव्ही दुसऱ्या शाळेत. खाली टेम्पो उभा आहे.

कमरजहांबाई : ऐकतेय मघापासून त्याचा हॉर्न.

चैताली : नुसता शेवटपर्यंत चालू ठेवा ना. मुलं खेळायला गेली तरी चालेल.

कमरजहांबाई : मग शिकायचं कोणी, टीव्हीने?

चैताली : पण चाळीस सेकंदांवर तीन दिवस काय शिकवता?

कमरजहांबाई : पहिल्या दिवशी त्यांना भाज्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी रहीम म्हणाला, तराजू सगळे पुरुषांच्याच हातात आहेत. आणि काल शकू बोलली. जूनपासून वर्गात तोंड उघडलं नव्हतं पोरीने. म्हणाली, भाजीच्या पाट्या उचलणाऱ्या सगळ्या बायका आहेत, अन् एकीच्याही पायात चप्पल नाही.

चैताली : हे त्यात आहे? तो धडा मी स्वतः तपासलाय.

कमरजहांबाई : आवाज लावून?

चैताली : हो... अर्थात.

कमरजहांबाई : बसा. त्या मागच्या बाकावर.

(कमरजहांबाई आवाज शून्यावर ठेवून ते चाळीस सेकंद लावतात.)

चैताली : परत एकदा लावा. ...थांबवा. तिथे, गोण्यांच्या आड. एक बाई पाठमोरी होऊन उभ्या उभ्या भाकरी खातेय.

कमरजहांबाई : कुठे? ...हो की. ही आम्हाला अजून दिसलीच नव्हती.

चैताली : उद्या मुलांना दाखवा.

कमरजहांबाई : छे. त्यांची त्यांना सापडू दे.

चैताली : आणि नाही सापडली तर?

कमरजहांबाई : तर परवा.

चैताली : टेम्पोवाल्याला परत पाठवते मी. पण शेऱ्यात काय लिहू?

कमरजहांबाई : खरं तेच लिहा. धडा अजून संपलेला नाही.