बाईंच्या पोटातली आपली रिंग

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक माननीय चंद्रप्रकाशजी, व्यासपीठावरच्या पाहुण्या डॉक्टर उत्तराताई, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

सत्कारमूर्तींची खुर्ची रिकामी ठेवून निरोपाचं भाषण करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. सुलक्षणाबाई आज निवृत्त होताहेत आणि परवापासून बोरीवलीला रुग्णालयात आहेत. आतड्याला पीळ पडला, तुकडा कापावा लागला. कार्यक्रम रद्द करायचा नाही, असा बाईंचाच निरोप आहे, म्हणून उभा आहे. लक्ष मात्र सारखं दाराकडे जातंय, त्याचा राग मानू नका.

पाहुण्यांसाठी सांगतो. कापलेल्या आतड्याची दोन टोकं जुळवून धरणारी रिंग आम्ही इथे अंधेरीला बनवतो. जखम भरली की ती पोटातच विरते, काढावी लागत नाही. ही रिंग बाईंनी घडवली. ती विरायला तर हवी, पण लवकर विरून चालत नाही. आणि आपली मुंबईची दमट हवा! पाकिटात जायच्या आधीच रिंग भुसभुशीत व्हायची. मग बाई रिंग बनते त्या खोलीच्या दारात उभ्या राहून प्रत्येकीची वेणी चाचपू लागल्या. न्हाऊन ओल्या केसांनी आली, ती बाहेर. गजरासुद्धा बाहेरच्या खिळ्याला. हळदीकुंकवाच्या दिवशी तर त्या खिळ्यावर देवाच्या तसबिरीपेक्षा जास्त फुलं असायची. रागावला होतात ना तेव्हा बाईंवर?

परवा रुग्णालयात मी बाईंसोबत होतो. सर्जननी विचारलं, हाताने टाके घालू की तुमची रिंग? मी हात जोडले. म्हटलं, "बाई, आपली नको. टाकेच घालू द्या." माल भर पावसाळ्यातला होता, माझा धीर होईना. बाई कळवळत होत्या, तरी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गुणाजी, मग लोकांच्या पोटात कशी घातलीस रे?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

रिंग घातली. ती सुटली तर काय होईल, ते इथे बोलवत नाही. आता सगळा कारखाना एकाच गोष्टीची वाट बघतोय. सभेत म्हणू नये, पण डॉक्टर बसल्यात म्हणून म्हणतो, बाईंचा वारा सरायला हवा. सरला की आतडं चालू झालं. सकाळपर्यंत सरला नव्हता, पोट फुगलेलं होतं. देवाकडे आजवर बरंच काही मागितलं, हे पहिल्यांदाच मागतोय.

थांबा जरा. आपली टेलिफोनवरची शकु दारात उभी आहे. शकु, लाजू नकोस, तिथूनच सांग.

वारा सरला म्हणते.

बसा, बसा. टाळ्या थांबवा, ती अजून काही सांगतेय. बाईंनी विचारलंय, आज ओल्या केसांनी कोणी आत गेलं नाही ना?

शकु, त्यांना कळव, आत कोणीच नाही. सगळ्या इथे बसल्यात, गजरे माळून.

काळजी संपलेली नाही. अजून बाईंच्या पोटात अन्न जायचंय, रिंग टिकायचीय. पण मघापेक्षा मला नीट उभं राहता येतंय. आपण सगळे आलात, माझं हे अर्ध्या लक्षाने केलेलं भाषण ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. कमीजास्त बोललो असेन तर पदरात घ्या. आणि अध्यक्षमहाराज, शाल-नारळ बाईंच्या वतीने माझ्या हातात देऊ नका. खुर्चीवरच राहू द्या. त्या येऊन घेतील.