धावायची काळी बंडी

नाही, पिवळी नकोच. मंडळाची बंडी पिवळी असते हे तू मला सांगतोस, साखुम्झी? बारा वर्षं तीच घालून धावतेय, घरात चार पडल्यात. मला तीच हवी, पण काळी — गळ्यापासून खालपर्यंत काळी. छातीवर आपलं हरीण आणि ‘इंबाबाला धावक मंडळ, म्दान्त्साने’ तेवढं पिवळं. मंडळाच्या बंडीशिवाय शर्यतीत घेत नाहीत, म्हणून मंडळाला विचारूनच आलेय. म्हातारे कुरकुरले बैठकीत. मी म्हटलं, मग चला माझ्या दिराला समजवायला. कुणी जागचं हललं नाही.

असा बघू नकोस. विधवेने हळू बोलावं, ठाऊक आहे मला. पण तुझी ती मशिनं खडखडताहेत, हळू बोलले तर बंडीऐवजी उशीचा अभ्रा शिवशील. मझुकिसीला पुरल्यापासून काळंच घालतेय, उन्हं उतरायच्या आत घरी, भरल्या शेअर टॅक्सीत सगळ्यात मागच्या बाकावर — सगळं करतेय ना? करतेय. थोबिले, माझा थोरला दीर, म्हणाला, वर्षभर पिवळं अंगाला लावायचं नाही. बरं, नाही लावत, काळ्यातच धावते! तर आता म्हणतो, काळं म्हणजे लांब बाह्यांचा झगा. मी विचारलं, वाडवडिलांनी बाहीची लांबी कुठे सांगून ठेवलीये? तर म्हणे, जीभ फार सुटलीये तुझी, ही बंडी घातलीस तर वर्षाअखेरीला तुझं काळं मी उतरवणार नाही. आणि ते त्यानेच उतरवायचं असतं, घरातला थोरला तो. नको उतरवू म्हटलं. दुसरी काळी बंडी शिवून घेईन.

काय? पिवळीवर काळी फीत? ती पुरुषांची सोय. थोबिलेची बायको गेली तेव्हा त्याने खिशाला बोटभर चिंधी टाचली आणि पुढच्याच शनिवारी फुटबॉल बघायला गेला. मला नको चिंधी.

आणि हे कापड — जळतं का रे? हसू नकोस. काळं उतरलं की जाळावं लागतं, राख व्हायला हवी त्याची. हे वितळतं? चिकट गोळा होतो? मग राहू दे, सुती घे. छपाई धरत नसेल तर हरीण दोऱ्याने भर. घामाने जड होईल, काखेत सोलवटेल — सोलवटू दे. बेचाळीस किलोमीटर आहेत, कुठेतरी सोलवटणारच.

एक वर्ष थांबले तर काय बिघडेल? बिघडेल, बाबा. शर्यतीच्या शेवटच्या चढावर, पाण्याच्या टाकीपाशी, मझुकिसी उभा असायचा. उकडलेले बटाटे, वर मीठ. लोक विचारायचे, ही तुझी बायको ना? तर म्हणायचा, छे, माझी बायको घरी झोपलीये, ही कुणीतरी वेडी आहे. दर वर्षी तेच. मी बटाटा घ्यायची, त्याला एक शिवी हासडायची आणि पुढे. यंदा त्या टाकीपाशी कुणी नसेल. ते मी पुढच्या वर्षी, काळं जाळून, नवे कपडे घालून बघू? सगळ्यांनी ‘झालं, संपलं’ म्हटल्यावर? मला आत्ताच, काळ्यात असताना — हं. हे सांगायला नव्हते आले मी.

माप? टेप दे इकडे, माझी मी घेते. जुनं माप नाही चालायचं, वाळलेय मी. नाही, हातात नको, काउंटरवर ठेव. तुझी आई म्हणेल, विधवेचा काळोख अंगाला लावून आला. माझी नणंदसुद्धा चहाचा कप जमिनीवर ठेवून मागे सरते. त्याला पुरलं त्या दिवसापासून कुणी मला हातसुद्धा — अरे, तू काउंटरमागून बाहेर कशाला येतोस? दारात गिऱ्हाइकं आहेत. बघताहेत. संध्याकाळच्या आत थोबिलेला कळेल.

कळू दे.

घे माप. हात वर केलेत मी. पाठीवरून घसरतेय टेप, नीट धर. आणि बोलू नकोस काही. मीही नाही बोलत.